एका वाड्यात दोन कारभारी

१९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसवला. तेव्हापासून गावात काही बिघडले की दोष मागाला!

आमची सूनबाई माडीवरून पुण्याच्या कचेरीचे काम करते. इंटरनेट घडोघडी तुटे. ‘पुण्यास परत या’ असा वरिष्ठांचा निरोप आला. मी राउटरची तार थेट तिच्या संगणकाला लावली. तरी तेच! म्हणजे, वाचकहो, वायफायच्या लहरी निर्दोष.

कंपनीची पेटी आणि दुकानदाराने जोडून दिलेला भारी राउटर, दोघेही घरातल्या यंत्रांना पत्ते वाटत होते. १९२.१६८.१.५ सूनबाईलाही आणि टीव्हीलाही!

राउटरचे वाटप बंद केले. आता पत्ते एकटी पेटी देते, तो नुसत्या लहरी पसरवतो. सूनबाई घरीच राहिली. मागांची माफी मात्र अजून कुणी मागितलेली नाही.