गावात कॅमेरे बसवण्याआधी: पिंपळगाव रेणुकाईच्या सुरक्षेचा साधा हिशेब

२०२४ च्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्री साडेअकराच्या सुमाराला गावाकडच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर व्हॉइस नोट आली. "आपल्या गावावर ड्रोन फिरतोय, चोर टेहळणी करतायत, कुणी झोपू नका." दहा मिनिटांत तीच व्हॉइस नोट दुसऱ्या ग्रुपवर, मग तिसऱ्यावर. तिन्ही ग्रुप वेगवेगळ्या गावांचे, आवाज मात्र एकच. नीट ऐकल्यावर लक्षात आलं की त्यात गावाचं नाव नाही, तारीख नाही, बोलणारा कोण तेही नाही. म्हणूनच ती कुठल्याही गावाला फिट बसत होती.

त्या जून-जुलैमध्ये बीड, जालना, छत्रपती संभाजीनगर या पट्ट्यात लोक रात्र-रात्र गस्त घालत होते. ड्रोनचा विषय विधिमंडळातही निघाला. काही ठिकाणी खरंच ड्रोन उडाले असतील, काही ठिकाणी विमानाचा दिवा पाहूनही लोक घाबरले असतील. पण गावातल्या माणसाला त्या रात्री एकच प्रश्न होता: खरं काय ते विचारायचं कुणाला? आणि त्याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं.

गावाची सुरक्षा म्हटलं की ग्रामपंचायतीत पहिली मागणी होते सीसीटीव्हीची. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, कॅमेऱ्यांशी माझं काही वैर नाही. पण माझं म्हणणं असं आहे की कॅमेरा यादीत चौथ्या नंबरवर यायला हवा. का, ते भोकरदन तालुक्यातल्या पिंपळगाव रेणुकाईचं उदाहरण घेऊन बघू.

अनोळखी माणूस म्हणजे इथलं गिऱ्हाईक

जालना जिल्ह्यातलं हे गाव हिरव्या मिरचीच्या बाजारासाठी ओळखलं जातं. हंगाम सुरू झाला की आजूबाजूच्या गावांतून शेतकरी माल घेऊन येतात, व्यापारी खरेदी करतात आणि गाड्या भरून मिरची परराज्यांत जाते. म्हणजे रस्त्यावर बाहेरचे ड्रायव्हर, बाहेरचे व्यापारी, हमाल, वेगळी भाषा बोलणारी माणसं, आणि हे सगळं बऱ्याचदा अंधार पडल्यावर.

अशा गावात सुरक्षेचे दोन धोके एकाच वेळी असतात. एक, खरी चोरी: रोकड, मोबाईल, मोटरसायकल, शेतातली मोटर आणि केबल. दुसरा, अफवा. "अनोळखी माणूस दिसला" एवढ्यावर जर गाव काठ्या घेऊन बाहेर पडायला लागलं, तर ज्या अनोळखी माणसांवर बाजार चालतो तीच माणसं यायची थांबतील. आणि हे झालं कमी नुकसान. जास्त नुकसान काय असतं ते महाराष्ट्राने पाहिलंय.

१ जुलै २०१८, रविवार, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा. आठवडी बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं तिथे आली होती. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, अशी अफवा तेव्हा मोबाईलवरून पसरली होती. जमावाने त्यांना पकडलं, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेलं आणि तिथेच मारहाण करून जिवे मारलं. पाचही जण गेले. २०२४ मध्ये धुळ्याच्या न्यायालयाने या प्रकरणात सात जणांना जन्मठेप दिली. त्यानंतर १६ एप्रिल २०२० ला पालघर जिल्ह्यात गडचिंचले इथे दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर जमावाच्या हातून मारले गेले. तिथेही आधी चोरांची अफवा होती आणि गाव रात्री गस्तीवर होतं.

त्या काळात देशभर फिरलेला मूल पळवण्याचा एक व्हिडिओ तर मुळात कराचीतल्या एका संस्थेची जनजागृतीची फिल्म होती. शेवटी मूल परत आणून सोडतात आणि संदेश दाखवतात, तेवढाच भाग कुणीतरी कापून टाकला होता. राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणली. पण पाच ग्रुप म्हणजे किती? प्रत्येकी २०० माणसं धरली तर एका बोटाने हजार. मर्यादेने अफवेचा वेग कमी होतो, अफवा थांबत नाही.

म्हणून गावाचं पहिलं काम आहे खऱ्या खबरेसाठी एक पक्का रस्ता तयार करणं.

प्राधान्य १: खबरेचा एकच विश्वासाचा मार्ग

व्हॉट्सॲप ग्रुप यासाठी कमी पडतो. रात्री दोनला बहुतेक लोकांचा ग्रुप म्यूट असतो, आजोबांकडे कीपॅडचा फोन असतो आणि नेट कधी असतं, कधी नसतं. शिवाय फॉरवर्ड झालेल्या मेसेजवर मूळ पाठवणाऱ्याचं नाव नसतं.

यावर महाराष्ट्रातल्या अनेक गावांनी वापरलेला उपाय म्हणजे ग्रामसुरक्षा यंत्रणा. कल्पना अगदी साधी. गावातल्या लोकांचे मोबाईल नंबर आधी नोंदवून ठेवायचे. संकट आलं की नोंदणी असलेल्या माणसाने १८००२७०३६०० या टोल फ्री नंबरवर फोन करून काय झालं, कुठे झालं ते बोलायचं. त्याच्याच आवाजातला तो निरोप परिसरातल्या नोंदणी झालेल्या सगळ्यांना फोन कॉल म्हणून जातो. मेसेज नाही, कॉल. त्यामुळे फोनची रिंग वाजते, साध्या फोनवरही चालतं आणि इंटरनेट लागत नाही.

मला यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वेगळीच वाटते. बोलणाऱ्याचा नंबर सिस्टिममध्ये राहतो. "मला आलं म्हणून पुढे पाठवलं" ही पळवाट इथे नाही. खोटा निरोप दिला तर तो कुणी दिला हे कळतं. ड्रोनच्या त्या रात्री असा मार्ग असता तर सरपंच, पोलीस पाटील किंवा पोलीस ठाण्याकडून एकच कॉल गेला असता: "आम्ही जाऊन पाहिलं, काही नाही, झोपा." चोर आल्याचं सांगायला जेवढी यंत्रणा लागते, तेवढीच चोर न आल्याचं सांगायलाही लागते.

गस्त घालायचीच असेल तर तीही मनाने नको. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ६३ब मध्ये ग्रामसुरक्षा दलाची तरतूद आहे. दलातली पोरं कोण, हे पोलिसांना माहीत असतं. संशयित सापडला तर त्याला मारायचं नाही. त्याला थांबवून ११२ ला फोन करायचा. हा एक नियम पाळला गेला असता तर राईनपाड्यातली पाच माणसं वाचली असती.

प्राधान्य २: ११२ ला आपलं गाव सापडलं पाहिजे

११२ लावल्यावर फोन थेट जवळच्या पोलीस ठाण्यात जात नाही. तो राज्याच्या केंद्रात जातो, तिथून जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाकडे आणि मग जवळच्या गाडीकडे. फोन उचलणाऱ्याने तुमचं गाव कधी पाहिलेलंच नसतं. टॉवरवरून मिळणारं तुमचं ठिकाण ग्रामीण भागात काही किलोमीटर इकडेतिकडे असू शकतं, कारण टॉवर दूर-दूर असतात.

आता तुम्ही घाबरून फक्त "पिंपळगाव" म्हणालात तर? नाशिक जिल्ह्यात पिंपळगाव बसवंत आहे, जळगाव जिल्ह्यात पिंपळगाव हरेश्वर आहे. म्हणून पहिल्याच वाक्यात पूर्ण पत्ता सांगायचा: "पिंपळगाव रेणुकाई, तालुका भोकरदन, जिल्हा जालना." मग जवळची खूण. मग काय झालं ते. हे घरातल्या आजीला आणि शाळेतल्या पोरांना पाठ करून घ्या.

ग्रामपंचायतीने यात काय करायचं? माझी एक स्वस्तातली सूचना: विजेच्या प्रत्येक खांबावर ठळक क्रमांक रंगवा. कुणीतरी मोबाईल घेऊन प्रत्येक खांबाजवळ उभं राहून गुगल मॅप्सवरचं ठिकाण नोंदवेल. ती यादी पोलीस ठाण्यात आणि पोलीस पाटलांकडे द्या. दोन पोरांचं दोन दिवसांचं काम. त्यानंतर रात्री अंधारात कुणीही "खांब क्रमांक ४७" एवढं सांगू शकेल.

प्राधान्य ३: दिवे

यावर फार लिहायची गरज नाही. बाजाराची जागा, बसथांबा, शौचालयाची वाट आणि शाळेचा रस्ता इथे रात्री उजेड असणं ही सुरक्षेची सगळ्यात जुनी टेक्नॉलॉजी आहे. बंद दिव्याची तक्रार करायला खांबाचा क्रमांक इथेही कामाला येतो. आणि उजेड नसेल तर पुढचा कॅमेराही अर्धा आंधळाच असतो.

प्राधान्य ४: कॅमेरे, पण चालू असलेले

आता कॅमेऱ्यांचा हिशेब करू. २ मेगापिक्सेलचा एक कॅमेरा साधारण २ एमबीपीएसने रेकॉर्डिंग करतो असं धरा. दिवसाला २१.६ जीबी होतात. ८ कॅमेरे म्हणजे दिवसाला जवळपास १७३ जीबी. कोटेशनमध्ये २ टीबीची हार्ड डिस्क असेल तर ती साडेअकरा दिवसांत भरते आणि जुनं रेकॉर्डिंग पुसून नवीन सुरू होतं. चोरी पंधरा दिवसांनी लक्षात आली तर पुरावा गेलेला असतो. महिनाभराचं रेकॉर्डिंग हवं असेल तर ६ टीबी लागेल. हा प्रश्न उद्घाटनाच्या दिवशी कुणी विचारत नाही.

दुसरा प्रश्न विजेचा. लाईट गेली की डीव्हीआर बंद. बॅकअप नसेल तर नेमक्या अंधाराच्या वेळेत कॅमेरा झोपतो. ओळखीच्या एका गावात मी डीव्हीआर पाहिला होता, त्यातलं घड्याळच चुकलेलं होतं. लाईट जाऊन-येऊन ते मागे पडलं होतं आणि कुणी बघितलं नव्हतं. तपासात अशी चुकीची वेळ मोठी डोकेदुखी होते.

तिसरा, न्यायालयाचा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे असं फुटेज पुरावा म्हणून द्यायचं तर सोबत प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाईलची हॅश व्हॅल्यू नोंदवावी लागते. हॅश म्हणजे फाईलचा अंगठ्याचा ठसा समजा: फाईलमध्ये एक फ्रेम जरी बदलली तरी ठसा बदलतो. म्हणून स्क्रीनसमोर मोबाईल धरून काढलेली क्लिप ग्रुपवर टाकणं म्हणजे पुरावा जपणं नव्हे. घटना घडली की पहिलं काम रेकॉर्डिंगवर दुसरं रेकॉर्डिंग होऊ न देणं, आणि पोलिसांना मूळ फाईल देणं.

त्यामुळे २० बंद कॅमेऱ्यांपेक्षा गावात येणाऱ्या रस्त्यांवर आणि बाजारात मिळून ६ चालू कॅमेरे बरे. दर आठवड्याला कोण तपासणार त्याचं नाव ठरलेलं हवं. कॅमेऱ्याचं तोंड कुणाच्या अंगणाकडे नको, आणि पासवर्ड कंपनीने दिलेला तसाच ठेवू नका.

पैसा आणि तुमचा आवाज

"ग्रामपंचायतीकडे पैसे नाहीत" हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. अंशतः खरं आहे. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत २०२१-२२ पासून ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेली होती, उरलेली ४० टक्के गावाच्या गरजेप्रमाणे वापरता येत होती. म्हणजे दिवा की कॅमेरा, रस्ता की गटार, ही सगळी ओढाताण त्या ४० टक्क्यांतच. म्हणूनच क्रम महत्त्वाचा. खबरेचा मार्ग आणि खांबांचे क्रमांक यांना कमी पैसा लागतो, मेहनत जास्त. कॅमेऱ्यांचं उलटं आहे, म्हणून ते लवकर मंजूर होतात आणि लवकर बंद पडतात.

तुमच्या मोबाईलवर ई-ग्रामस्वराज उघडा. तुमच्या गावाचा विकास आराखडा आणि खर्च तिथे दिसतो. वर्षाला किमान चार ग्रामसभा व्हायला हव्यात. पुढच्या सभेत हे चार प्रश्न विचारा:

- ग्रामसुरक्षा यंत्रणा आपल्या गावात सुरू आहे का? किती नंबर नोंदवलेत?
- अफवा पसरली तर खरं काय ते सांगण्याची जबाबदारी कुणाची?
- कॅमेरे किती, आज चालू किती, रेकॉर्डिंग किती दिवसांचं?
- बंद दिवा किती दिवसांत दुरुस्त होणार?

आणि एक काम आजच करा. *#०६# डायल करून आयएमईआय नंबर कागदावर लिहून घरी ठेवा. बाजाराच्या गर्दीत फोन गेला तर पोलिसांत तक्रार देऊन संचार साथी पोर्टलवर तो ब्लॉक करता येतो, पण त्यासाठी हा नंबर हातात हवा. यूपीआयमधून पैसे गेले तर लगेच १९३०.

ती व्हॉइस नोट मी पुढे पाठवली नाही. पण खरं सांगायचं तर तेवढ्यावर मी झोपून गेलो. "हे कुणी पाहिलंय? नाव सांगा, जागा सांगा," एवढं ग्रुपवर विचारायला हवं होतं, ते विचारलं नाही. पुढच्या वेळी तुम्ही विचारा. बाजाराला आलेल्या एखाद्या ड्रायव्हरचा जीव त्या एका प्रश्नावर अवलंबून असू शकतो.