तौबा आणि पुढची तारीख

आमच्या नवापूर स्टेशनच्या फलाटातून महाराष्ट्र-गुजरातची हद्द जाते. गुजरातमध्ये १९६० पासून दारूबंदी आहे, पण व्यसनी माणसाची तलफ त्या हद्दीपाशी थांबत नाही. दारू हराम आहे हे आपल्या प्रत्येक घराला माहीत आहे, तरी काही घरांत ती आहेच. "आपल्यात कोणी पीत नाही," असे म्हणून आपण ते झाकतो आणि आजारी माणूस एकटा पडतो.

माझ्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी बाह्यरुग्ण विभागात उपचार सुरू केले. दर पंधरा दिवसांनी जायचे, गोळ्या घ्यायच्या, समुपदेशकाशी बोलायचे आणि रात्री घरी यायचे. चार महिने थेंबही घेतला नाही. मग एका लग्नात तोल गेला आणि त्यांनी दवाखानाच सोडला. मला म्हणाले, "सर, आता डॉक्टरांना काय तोंड दाखवू?" मशिदीत जाणेही त्यांनी बंद केले होते.

खरा धोका इथे आहे. पुन्हा पिणे हा या आजाराचा भाग असू शकतो. मधुमेहीची साखर वाढली की तो डॉक्टरकडे जातो, मग याने का जाऊ नये? डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या 'मुक्तांगण'मध्येही रुग्ण घरी गेल्यावर पाठपुरावा चालू राहतो. दारू सुटते ती अशी, एकेक तारीख पाळत.

कुरआननेही दारू एका दिवसात बंद केली नाही. आधी तिचा तोटा फायद्याहून मोठा असल्याचे सांगितले, मग नशेत नमाजला येण्यास मनाई केली आणि शेवटी पूर्ण बंदी आली. ही पिण्याची सवलत नव्हे. बंदी आज पूर्णच आहे. पण माणूस सुधारायला वेळ लागतो, हे त्यातून आपण शिकावे.

म्हणून जमातीने आणि घरच्यांनी टोमणे बंद करावेत, तारखेला सोबत जावे. रोज भरपूर पिणाऱ्याला "आजपासून एकदम सोड" असा हट्ट डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. झटके येऊन जिवावर बेतू शकते. १४४४६ ही व्यसनमुक्तीची मोफत सरकारी हेल्पलाइन आहे.

त्या वडिलांसोबत मी पुढच्या तारखेला गेलो. डॉक्टरांनी फक्त, "बरे झाले, आलात," एवढेच म्हटले. तौबेचा दरवाजा अल्लाहने उघडा ठेवला आहे. आपण मध्ये उभे राहू नये.