ऊस वाहणाऱ्या इंजिनची वही ठेवा



बहुतेक कारखान्यांत बगॅस काट्यावर तोलत नाहीत. गाळलेला ऊस व मिलवर सोडलेले पाणी यांच्या बेरजेतून मिश्र रसाचे वजन वजा करायचे, उरले ते बगॅस. त्यातून साखर किती वाया गेली, हेही याच हिशोबावर ठरते. मग हीच रीत ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रकच्या इंजिनला का लावू नये?

पिस्टनच्या रिंगा किती झिजल्या, हे चालत्या इंजिनात डोकावून कोणाला दिसत नाही. पण खुणा बाहेर दिसतात. ऑइल घटते, धूर निळसर येतो, ब्रीदरही जोरात धूर फेकतो, असे तिन्ही एकदम दिसले तर रिंग-लायनरचा संशय घ्यावा. ऑइल घटते पण धूर साफ, तर आधी गळती शोधावी. काळा धूर दिसला तर पहिल्यांदा एअर क्लीनर उघडावा. रेडिएटरचे पाणी घटून ऑइल दुधाळ झाले, तर गाडी पुढे हाकूच नये.

नव्या गाड्यांत हाच हिशोब संगणक करतो. कित्येक इंजिनांत आत जाणारी हवा थेट मोजत नाहीत. दाब, तापमान आणि इंजिनचे फेरे यांवरून ती काढतात. मात्र संगणक असो की मिस्त्री, अंदाजाला पाया लागतो. कोंडाईबारीच्या चढाला लागलेले डिझेल आणि शहादा-प्रकाशा रस्त्याला लागलेले डिझेल यांची तुलना करून काय उपयोग? रस्ता तोच, भार तेवढाच, तरी डिझेल वाढत चालले, तर समजावे की काहीतरी बिघडले आहे.

ऐन हंगामात इंजिन बसले म्हणजे तोट्यात एकटा गाडीवाला जात नाही. तोडलेला ऊस फडात वाळतो, वजन घटते, उतारा पडतो, टोळी बसून राहते.

म्हणून आमचे मत असे की, शेतकी विभागाने वाहतूक करार करतानाच प्रत्येक गाडीला एक वही द्यावी. टनेज काट्याच्या पावतीवर असतेच. अंतर, डिझेल आणि वरून घातलेले ऑइल एवढेच ड्रायव्हरने लिहावे. दर पंधरवड्याला गटातल्या जाणत्या मिस्त्रीने वही पाहावी. ज्या गाडीला संगणक आहे, तिच्या मालकाने सर्व्हिसवाल्याकडून नोंदी कागदावर मागून घ्याव्यात. गाडी आपली, तर तिचा हिशोबही आपल्या हाती पाहिजे.

वहीला खर्च थोडका आहे. हंगामात उघडलेल्या इंजिनचा खर्च सर्वांना ठाऊक आहे.