कोंबड्यांची देवघेव आणि साथीचे रोग

आपल्याकडे कोंबडी बाजारातून विकत आणण्यापेक्षा ती कोणी दिली म्हणून घरात येण्याचीच चाल अधिक. लेक सासरी निघाली की तिच्याबरोबर एखादी तलंग जाते. कोणी वृद्ध जोडपे मुलाकडे शहरात राहावयास निघाले की त्यांचे खुराडे भावकीत वाटले जाते. गरजू घरी दोनचार पक्षी वाट्याने पाळावयास देण्याचा प्रघातही जुना आहे. ही चाल प्रेमाची आहे व ती मोडावी असे आम्हांस मुळीच म्हणावयाचे नाही. परंतु कोंबडीबरोबर तिचा रोगही घर बदलतो, ही गोष्ट आम्ही स्वतःचे नुकसान सोसून शिकलो आहो, व तीच आज वाचकांपुढे मांडावयाची आहे.

तीन वर्षांपूर्वी आमचे एक स्नेही गाव सोडून निघाले, तेव्हा त्यांनी चार कोंबड्या व एक कोंबडा आम्हांस दिला. पक्षी दिसण्यात चांगले, तुरे लाल. आम्ही त्याच सायंकाळी ते आमच्या बावीस पक्ष्यांत सोडून दिले. सहाव्या दिवशी नव्यांपैकी एक कोंबडी पंख पाडून बसली. दहाव्या दिवसापासून आमच्या कोंबड्यांना हिरवट हगवण लागली, श्वासास घरघर सुटली, माना वाकड्या झाल्या. तीन आठवड्यांत खुराड्यात पाच पक्षी उरले. मागाहून कळले की स्नेह्यांच्या घरी आधीच्या आठवड्यात दोन पक्षी मेले होते. त्यांनी ते सांगितले नाही, आणि आम्हीही विचारले नाही. दोष उभयतांचा.

खेड्यात ज्यास मानमोडी म्हणतात तोच हा राणीखेत रोग. कुमाऊँच्या डोंगरातील राणीखेत येथे १९२८ च्या सुमारास तो नोंदला गेला, म्हणून त्यास हे नाव पडले. तो एका सूक्ष्म विषाणूमुळे होतो व त्यावर औषध नाही. लागण झाल्यावर लक्षणे दिसण्यास बहुधा पाचसहा दिवस लागतात, कधी दोन आठवडेही लागतात. या अवधीत पक्षी निरोगी दिसतो, आणि नेमका याच अवधीत तो आपण दुसऱ्याच्या हाती देतो. शिवाय विष्ठेने भरलेली करंडी, दाण्याचे पोते, वहाण यांवरूनही रोग जातो. छातीच्या जुनाट सर्दीतून बरे झालेले पक्षी तर पुढे जन्मभर तो रोग बाळगून इतरांस देऊ शकतात. सबब 'दिसण्यात चांगली आहे' हा दाखला पुरेसा नव्हे.

आमची नोकरी महसुली दप्तरात गेली. तेथे जमीन खरेदी झाली म्हणून त्याच दिवशी सातबाऱ्यावर नाव चढत नाही. फेरफाराची नोंद होते, संबंधितांस नोटीस जाते, हरकतीस पंधरा दिवसांची मुदत राहते, मगच नोंद प्रमाणित होते. ही मुदत कोणास अपमानाची वाटत नाही. तद्वत घरी आलेल्या कोंबडीसही मुदत असावी, आणि ती पुऱ्या तीस दिवसांची असावी. रोगास काही हरकत घ्यावयाची असेल तर तो बहुधा तेवढ्यात घेतो.

या महिन्यात नव्या पक्ष्यांस जुन्या खुराड्यापासून शक्य तितके दूर ठेवावे. दाणापाण्याची भांडी निराळी असावीत. आधी आपल्या कोंबड्यांचे करावे व नंतर नव्यांचे; उलट क्रम केव्हाही करू नये. नव्यांकडे जाण्याची वहाण वेगळी ठेवावी आणि परतल्यावर हात साबणाने धुवावेत. पंखांखाली उवा आहेत काय, विष्ठा पातळ वा हिरवट आहे काय, नाकाडोळ्यांतून पाणी येते काय, हे रोज पाहावे. महिना निर्वेध गेला तरी सगळे एकदम मिसळू नयेत. आपली एकच कोंबडी प्रथम त्यांच्यात सोडून आणखी दोन आठवडे वाट पाहावी. ती धड राहिली तर बाकीच्यांस भय थोडे.

पुष्कळांस वाटेल की आठ कोंबड्या पाळणारीने दुसरे खुराडे कोठून आणावे? त्यास खुराडे लागत नाही. मळ्यातील खोपीत वा शेजारच्या रिकाम्या गोठ्यात एक डालगे पालथे घातले तरी काम भागते. आणि ज्याच्या घरी पक्षी नाहीत असा शेजारी महिनाभर ती सांभाळील, तर त्याहून उत्तम.

घेणाऱ्याचे झाले. परंतु आमच्या मते अधिक जबाबदारी देणाऱ्याची आहे, कारण खुराड्याचा इतिहास त्यालाच ठाऊक असतो. मागील महिन्यात एकही पक्षी आजारी पडला वा मेला असेल, तर त्याने कोणासही कोंबडी देऊ नये. लस केव्हा टोचली ते चिठ्ठीवर लिहून द्यावे. लस राहिली असेल तर ती टोचून दोन आठवडे गेल्यावरच पक्षी द्यावा.

याच्या उलट घडते ते असे. मर सुरू झाली की घरोघर घाई उडते. 'मरण्याआधी चार पैसे तरी येऊ देत' म्हणून उरलेले पक्षी आठवड्याच्या बाजारात जातात, नाहीतर पाहुण्यांकडे पोहोचवले जातात. असे करणारा स्वतःची हानी कमी करीत नाही, ती दहा घरांवर वाटतो. यास आम्ही व्यवहार म्हणत नाही. हा शेजारधर्माचा घात आहे.

साथ मोठी असेल तर परिणामही मोठा होतो. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यात नवापूर येथे भारतातील कोंबड्यांत प्रथमच बर्ड फ्लू आढळला. २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे व पुन्हा नवापुरास तो आला. दोन्ही वेळा परिसरातील पक्षी सरकारास मारावे लागले. एकाएकी पुष्कळ पक्षी मेले, तुरे निळेजांभळे पडले, तर त्यांस उघड्या हाताने शिवू नये, कापू नये, मेलेले ओढ्यात टाकू नयेत, आणि त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. २००९ च्या जनावरांच्या सांसर्गिक रोगांविषयीच्या कायद्याने असे कळविणे मालकाचे कर्तव्यच ठरविले आहे. बर्ड फ्लूच्या वेळी सरकार जे पक्षी मारते त्यांची भरपाई मिळते. आधीच मेलेल्यांची मिळत नाही. म्हणजे लपविणाराच अधिक बुडतो. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटावयाचे राहत नाही.

शेवटी एक सूचना. राणीखेतीची लस स्वस्त आहे, पण तिची कुपी शंभर वा त्याहून अधिक पक्ष्यांची असते, ती बर्फात ठेवावी लागते आणि एकदा कालविली की तासा-दोन तासांत संपवावी लागते. आठ कोंबड्यांची मालकीण एकटी ती कशी आणणार? म्हणून प्रत्येक गावच्या सभासदांनी मिळून एक दिवस नेमावा, पशुवैद्यकीय दवाखान्यास आधी कळवावे आणि भल्या पहाटे, कोंबड्या खुराड्यात असतानाच, सगळ्या गावाची टोचणी उरकून घ्यावी. पिलांस पहिल्या आठवड्यात डोळ्यात वा नाकात थेंब आणि आठ आठवड्यांनी पंखाखाली टोचणी, एवढा क्रम धरला तरी पुष्कळ घरांचे नुकसान टळेल.

आम्ही आजही कोंबड्या देतो व घेतो. फक्त आता देताना चिठ्ठी देतो आणि घेताना महिना मोजतो. प्रथम एकदोन सोयरे हसले; गेल्या वर्षी त्यांपैकी एकाने आपण होऊन चिठ्ठी मागितली.