मशिन ऐकत नाही

"तांदूळ धुतले? मग आता पाणी घाला. बोटाच्या पहिल्या पेरापर्यंत."

कराडच्या स्टँडातून पाटणची गाडी नुकतीच बाहेर पडली होती. माझ्या पुढच्या सीटवरची बाई फोनवरून नवऱ्याला भात शिकवत होती. पलीकडून प्रश्न आला असावा, कारण ती जरा थांबली आणि म्हणाली, "कुणाच्या म्हणजे? तुमच्याच बोटाच्या!" मग गप्प. गाडी कोयनेच्या पुलावर आली तेव्हा तिला काय वाटलं कोण जाणे, घाईघाईने म्हणाली, "थांबा, थांबा. तुमचं नको. माझ्या बोटाचं धरा."

आता तिचं बोट इथे एसटीत आणि पातेलं तिकडे घरात, यावर नवऱ्याने काय करावं हा प्रश्न अख्ख्या गाडीला पडला. दोन-चार जणांनी आपापलं बोट हळूच पाहून घेतलं. मीही घेतलं. मल्हारपेठेला ती बाई उतरली आणि भाताचं पुढे काय झालं तेही तिच्याबरोबर उतरून गेलं.

दर शुक्रवारी संध्याकाळी मी याच गाडीने आईकडे जाते. पस्तीसेक किलोमीटरचा रस्ता, थांबे घेत गेलं की सव्वा तास. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत या सव्वा तासात मी पुस्तक वाचायचे, निदान उघडून तरी बसायचे. मग आईचे गुडघे गेले. आधी देऊळ सुटलं, मग जिना सुटला, आणि गॅलरीतून दिसेल तेवढंच गाव तिच्या वाट्याला उरलं. तेव्हापासून मी दारात चप्पल काढते न काढते तोच ती विचारते, "काय म्हणत होती गाडी?" लहानपणी मोठ्यांच्या बोलण्यात कान घातला म्हणून माझा कान पिळणारी हीच बाई. आता दर शुक्रवारी हप्ता वसूल करते. तिच्यासाठी म्हणून मी ऐकायला लागले. आता मलाच चटक लागली आहे.

भाताची गोष्ट ऐकून आई हसली नाही. म्हणाली, "दोन-चार दिवस माहेरी चालली असणार. एका वेळेचा प्रश्न असता तर बाहेरनं आणून खा म्हणाली असती."

"पण तिचं बोट त्याने कुठून आणायचं?"

"इतकी वर्षं तिच्या हातचं जेवलाय ना? मग तिचं बोट ठाऊक नको त्याला?"

यावर मी काय बोलणार!

एसटीत ऐकण्यापाहण्यासारखं काय असतं असं ज्याला वाटतं त्याने नुसता जागा धरण्याचा सोहळा पाहावा. गाडी फलाटाला लागायच्या आतच खिडक्यांतून रुमाल, टोप्या, दप्तरं आत पडतात. एकदा कोथिंबिरीची जुडी पडलेली मी पाहिली आहे. रुमाल पडला की जागा धरली गेली, हा कायदा कुठे लिहिलेला नाही, पण लिहिलेल्या कुठल्याही कायद्यापेक्षा जास्त पाळला जातो. मध्यंतरी एकाच सीटवर दोन रुमाल निघाले. दोन्ही निळ्या चौकड्यांचे, दोन्ही सारखेच मळलेले.

"ह्यो तुमचाच कशावरनं?" एकजण तावातावाने म्हणाला.

दुसऱ्याने शांतपणे रुमाल पुढे केला. "वास घ्या."

पहिला नवारस्त्यापर्यंत उभा होता.

असल्या गोष्टी मी आईला पायरी चढता चढताच सांगून टाकते. एका आजींची गोष्ट सांगायला मात्र मला दोन शुक्रवार लागले.

त्या वारुंजी फाट्याला चढल्या. नऊवारी लुगडं, डोक्यावर पदर, काखेत कापडी पिशवी. कंडक्टर जवळ आल्यावर, आपणच काहीतरी देत असल्यासारख्या म्हणाल्या, "एक पाटण. फुकटातलं." पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी २०२२ च्या ऑगस्टपासून मोफत झाली आणि २०२३ च्या मार्चपासून सगळ्याच बायकांना अर्धं तिकीट झालं. या दोन निर्णयांनी गाडीतली गर्दी बदलली, तशी गाडीतली बोलणीही बदलली. आता दर फेरीत कुणाचं ना कुणाचं वय चारचौघांत निघतं.

आजींनी बटवा उलगडला. त्यात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत तंबाखूची पुडी आणि पुडीला चिकटलेलं आधारकार्ड. कंडक्टरने ते दिव्याखाली धरलं.

"एक जानेवारी त्रेपन्न. आजी, अजून दोन वर्सं हायती. अर्धं घ्यावं लागंल."

"आधार कुणी लिवलं?"

"सरकारनं."

"माझ्या आयला इचारलं व्हतं का?"

गाडी हसली. कंडक्टरही हसला, पण हाताखालच्या मशिनवर बोट ठेवून म्हणाला, "माझी तारीख बी अशीच हाय, आजी. एक जून. गुरुजींनी सगळ्या वर्गाची तीच लिवली. म्या कुणाला इचारायला गेलो का? म्या ऐकंन तुमचं. मशिन ऐकत न्हाय."

त्याचं खरं होतं. शाळा जूनमध्ये भरायची, पोराला घेऊन आलेल्या बापाला तारीख ठाऊक नसायची आणि गुरुजींना तर वय बसवायचं असायचं. त्यामुळे महाराष्ट्रात एक जूनला जन्मलेली माणसं प्रत्येक कचेरीत सापडतात. खुद्द एसटीचाही वाढदिवस एक जूनच. १९४८ साली त्या दिवशी पुणे-नगर मार्गावर पहिली गाडी धावली. एवढ्या सगळ्या एक जूनवाल्यांत तिचीच तारीख तेवढी खात्रीची. आणि ज्यांनी शाळेचं तोंडच पाहिलं नाही, त्यातले पुष्कळजण आधार काढताना एक जानेवारीला जन्मले. म्हणजे कार्डावरच्या तारखेवरून माणसाचं वय कळेलच असं नाही, पण ते शाळेत गेलं होतं का, ते बहुतेक वेळा कळतं.

आजी हटल्या नव्हत्या. "म्या सांगती तुला. भूकंप झाला तवा माझा थोरला कडंवर व्हता. कर हिशेब."

कंडक्टर पंचेचाळिशीचा असेल. त्याने भूकंप पाहिला नव्हता, पण कुठला भूकंप हे त्याला विचारावं लागलं नाही. आमच्या कोयना खोऱ्यात भूकंप म्हटला की तो एकच. ११ डिसेंबर १९६७, पहाटे साडेचारच्या सुमाराचा. कोयनानगर जमीनदोस्त झालं, पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. पुण्याची जुनी माणसं जशी पानशेतच्या आधी आणि पानशेतनंतर अशी बोलतात, तशी इकडची लग्नं, बाळंतपणं, भावाभावांच्या वाटण्या, विहिरी, सगळं भूकंपाआधीचं नाहीतर भूकंपानंतरचं. माझी आई तेव्हा आठ वर्षांची होती. तिला घर हललेलं आठवत नाही. मांडणीवरची भांडी एकापाठोपाठ एक खाली आली, त्यांचा आवाज आठवतो. अजूनही रात्री वाटी पडली तर ती "अगंबाई" म्हणत नाही, उठून बसते.

"कराय लागलाईस का न्हाय हिशेब?" आजींनी पुन्हा विचारलं.

"पुढच्याला तिकीट देतो, मग करतो," म्हणून कंडक्टरने हात पुढे केला. आजींनी मूठ उघडली. अर्ध्या तिकिटाचे पैसे मोजून, घामेजून, तिथे तयारच होते. चढायच्या आधीपासून असणार. पैशांसाठी त्या भांडतच नव्हत्या.

हिशेब मी केला. सांगितला होता कंडक्टरला, पण गणित समोर पडलं की सोडवल्याशिवाय राहवत नाही, ही माझी जुनी खोड. त्रेपन्नच्या जानेवारीतला जन्म धरला, तर भूकंपाला आजींना चौदा पुरी होऊन पंधरावं सरत आलेलं. थोरला कडेवर, म्हणजे निदान सहा-आठ महिन्यांचा. त्याच्या आधीचे नऊ महिने. मुलीच्या लग्नाचं कायद्यातलं वय तेव्हा पंधरा होतं; अठरा झालं ते १९७८ साली. इथपर्यंत आले आणि मी बोटं मिटून घेतली.

आजी म्हणत होत्या तसं त्यांचं वय जास्त असेल, तर आधार खोटं आणि त्यांचं तिकीट फुकट. आधार खरं असेल तर मात्र. मी वळून पाहिलं. तिकिटाची चार पदरी घडी करून त्यांनी ती आधारच्या शेजारी, तंबाखूच्या पुडीला टेकून ठेवली होती आणि आता खिडकीबाहेरचा ऊस पाहत होत्या. (या मशिनच्या तिकिटांवरची अक्षरं टिकत नाहीत. मी पुस्तकात खुणेला ठेवते, दोन-तीन महिन्यांत कोरी होतात. जुनी, चिमट्याने भोक पाडून दिलेली पातळ तिकिटं अजून आईच्या पोथीत जशीच्या तशी आहेत. एकाच्या पाठीवर कंडक्टरच्या अक्षरात "बाकी ४ रु." असं लिहिलं आहे. ते चार रुपये एसटीकडेच राहिले.)

आईला हे सांगितलं तेव्हा ती शेंगा सोलत होती. शेंगा सोलणं थांबलं नाही. बऱ्याच वेळाने म्हणाली, "आधारच चुकलेलं असू दे, बाई." मग आम्ही दुसरं काहीतरी बोललो.

शाळेच्या मुलीही असतात गाडीत. पास दाखवतात आणि मागच्या मोठ्या सीटवर दाटीवाटीने बसतात. परवाच्या शुक्रवारी त्यांच्यातल्या दोघींनी कंपासपेट्या उघडल्या. आत कर्कटक, खोडरबर आणि हिरव्या काचेच्या बांगड्या. शाळेत बाई चालू देत नाहीत आणि घरी, श्रावणात, मोकळे हात आजीला चालत नाहीत. उतरायच्या आधी दोघींनी एकमेकींच्या हातात बांगड्या चढवल्या. एकीची एक वाढवली तेव्हा दुसरी पुटपुटली, "कर्कटक टोचलं म्हणून सांग."

आता एक शेवटचं. आईला सांगून झालं आहे, तरी पुन्हा सांगते.

मल्हारपेठेच्या पुढे एका फाट्यावर थांबा नाही, पण गाडी थांबते. तिथे एक बाई उभी असते. तिचा मुलगा कराडला खोली घेऊन शिकतो. सकाळच्या गाडीने त्याचा डबा जातो आणि संध्याकाळच्या गाडीने रिकामा परत येतो. ड्रायव्हरशेजारी, इंजिनाच्या झाकणावर ठेवलेला, फडक्यात गाठ मारलेला तीन ताळी डबा. अशा डब्यांवर शिकलेली माणसं जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. एसटी हे डबे नेते-आणते आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. ड्रायव्हर दर शुक्रवारी तोच असतो असं नाही. डबा मात्र तोच असतो, आणि कुठे थांबायचं ते एक ड्रायव्हर दुसऱ्याला सांगून ठेवतो.

मुलाकडे मोबाइल आहे, आईकडेही आहे. एकदा ती ड्रायव्हरला म्हणाली होती, "जेवलास का म्हटलं की हो म्हणतंय. सगळीच हो म्हणत्यात." म्हणून ती डबा हातात आला की आधी कानाशी धरून हलवते. आत भाकरी उरली असेल तर धपधप वाजते. मागच्या महिन्यात दोन वेळा वाजली होती. "पेपर हायती म्हणं," असं तेव्हा ती स्वतःशीच बोलली होती.

या शुक्रवारी तिने डबा हलवला. वाजला नाही. फडकं सोडलं, झाकण उघडलं आणि तिथेच थबकली. पाऊस भुरभुरत होता, गाडी सुरूच होती. ड्रायव्हरने खिडकीतून मान काढली.

"काय झालं मावशी? न्हाय खाल्लं?"

"खाल्लंय."

"मग?"

"धुऊन पाठवलाय."

"बरंय की मग! पोरगं शहाणं झालं."

"दोन वर्सांत यानं कवा डबा धुतला न्हाय," ती म्हणाली. मग झाकण उलटंसुलटं करून पाहिलं. "ह्यो त्येनं धुतलेला न्हाय."

दारातून कंडक्टरने विचारलं, "मग कुणी धुतला?"

पुढच्या चार सीटा एकदम हसल्या. ती हसली नाही, पण रागावलीही नाही. कंडक्टरने डबल बेल दिली. गाडी हलली तेव्हा मी मान वळवून पाहिलं. फाट्यावरच्या उरल्यासुरल्या उजेडात ती झाकण नाकाशी धरून साबणाचा वास घेत उभी होती.