क्षितिजा गेली कुठे?

शाळेच्या हजेरीत क्षितिजा आणि ज्ञानेश्वर यांची नावे अगदी शेवटी. वर्णमालाच तशी पाठ केलेली! पण हीच नावे प्रोग्रामर मंडळींच्या 'नोटपॅड प्लस प्लस' या एडिटरमध्ये एकाखाली एक लिहून ओळी अकारविल्हे लावायला सांगा. क्षितिजा 'क'च्या मुलांत जाऊन बसते, ज्ञानेश्वर 'ज'च्या. यादीच्या तळाशी शोधणाऱ्या पालकांना वाटते, नाव गळाले.

यंत्राच्या लेखी 'क्ष' हे वेगळे अक्षरच नाही. क, हलन्ताची खूण आणि ष, एवढेच त्याला ठाऊक. १९९१ साली युनिकोडमध्ये देवनागरी आली, ती 'इस्की' या भारतीय मांडणीच्या क्रमाने. बंगाली, तमिळ, सगळ्यांना एकच साचा. म्हणून आपला 'ळ'सुद्धा 'ह'नंतर न येता 'ल'शेजारी आहे.

आकड्यांची तऱ्हा आणखी निराळी. १, १०, ११ आणि मग २! संख्या लहान की मोठी हे न पाहता यंत्र डावीकडून एकेक खूण ताडत जाते. ०१, ०२ असे लिहिले की काम भागते. क्ष-ज्ञच्या ओळी मात्र हाताने उचलून तळाशी न्याव्यात, आणि तेही यादी फळ्यावर लागण्याआधी.