तीनदा पेट्या रिकाम्या झाल्या, तरी चौथ्यांदा ठेवल्यात

परवा जेऊरच्या बाजारात एका पाव्हण्यानं विचारलं, "अजून माशांचं खूळ गेलं न्हाई का?" न्हाई गेलं. का ते लिहितो.

पहिल्या वर्षी परसात लिंबाखाली सातेरीच्या दोन पेट्या ठेवल्या. एप्रिलात ऊन 42 च्या वर गेलं, आसपास फूल नाही. एक दिवस सकाळी बघतो तर पेट्या मोकळ्या. मी पेटी देणाऱ्याला शिव्या घातल्या. पण खरं सांगू का, जवळ पाणी ठेवलं नव्हतं, पेटीवर ओलं बारदान टाकलं नव्हतं. उन्हाळ्यात माशी पाणी आणून, पंख हलवून पोळं गार ठेवते. ते जमलं नाही की सातेरी घर सोडते. चूक माझी होती.

दुसऱ्या वर्षी लोभ नडला. सगळा मध काढून घेतला आणि पावसाळ्यात साखरपाणी दिलं नाही. माशा कमी झाल्या, रिकाम्या पोळ्यात मेणकिडा शिरला. फ्रेम उचलली तर जाळी आणि अळ्या. घरच्या मंडळी म्हणाल्या, "आता पेटीत कोंबड्या तरी बसवा."

तिसरं नुकसान मात्र माझ्या हातचं नव्हतं. तेच आज बोलायचंय.

शेजारच्या आबांचा कांदा बियाण्याचा प्लॉट होता. गोंडे फुललेले, फुलकिडे दिसले म्हणून त्यांनी सकाळी नऊ-दहाला औषध मारलं. दुपारपर्यंत पेटीपुढं मेलेल्या माशांचा सडा. काही जिवंत होत्या, त्या जागेवरच गरगर फिरत होत्या. मी तणतणत बांधावर गेलो, आबा पण तापले. म्हणाले, "माझं पीक बघू का तुझ्या माशा?" दोन महिने बोलणं बंद.

पण आबांचं पीकच माशीवर आहे हो! कांद्याच्या फुलात पराग आधी सुटतो आणि बी धरणारा भाग नंतर तयार होतो. मग एका फुलाचा पराग दुसऱ्यावर कुणी न्यायचा? त्या वर्षी आबांचे गोंडे पोचट निघाले, तेव्हा ते स्वतःच घरी आले. चहा झाला. मी काही "बघा, म्हणलं नव्हतं का" असं बोललो नाही. (बोलावंसं लई वाटलं होतं.)

माझं मत सरळ आहे. फुलोऱ्यात शक्यतो फवारूच नका. नाइलाज असेल तर दिवस कलल्यावर, माशा घरी गेल्यावर मारा आणि आदल्या दिवशी शेजाऱ्याला सांगा. इमिडासारखी औषधं तर फुलावर नकोच. डाळिंबवाल्यांनी पण हे ध्यानात घ्यावं. आणि झाडावरचं आग्या मोहोळ टेंभा लावून जाळू नका. ती माशी पेटीत राहत नाही, पण तुमच्या रानात फुकट राबते.

दुसरं, अनुदानात पेटी मिळते म्हणून लगेच घेऊ नका. आधी शिका. महाबळेश्वरला खादी ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय आहे, पुण्यात 1962 पासूनची केंद्रीय संस्था आहे. तिकडं मांघर 2022 मध्ये मधाचं गाव झालं. पण तिथला डोंगर वेगळा, आपलं करमाळ्याचं ऊन वेगळं. तिथलं शिकून इथं बदलून वापरावं लागतं. 1991-92 च्या सुमारास थाई सॅकब्रूड रोगानं दक्षिणेकडं सातेरीच्या वसाहतीच्या वसाहती बसल्या. तिथल्या लोकांनी तगलेल्या वसाहतींवर पुन्हा सुरुवात केली. त्यापुढं माझ्या दोन पेट्या म्हणजे काय?

आता चार पेट्या आहेत. स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत, मुंग्या चढत नाहीत. मध निम्माच काढतो. एक पेटी अशक्त आहे, राणी म्हातारी वाटतीय, या आठवड्यात बघतो.

काल रात्री आबांचा फोन आला, "गोंडे फुटायला लागलेत, दोन पेट्या आमच्या बांधाला आणून ठेवतोस का?" उद्या अंधार पडला की नेतोय.